थोड्या खर्चातली बाग



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजकारणापासून तत्त्वज्ञानापर्यंत मोठमोठे विषय मांडले जातात. त्या रांगेत घराभोवतालच्या बागेचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, चालकांना एक दिवस रिकामा सापडला आणि त्यांनी तो कसाबसा भरून काढला. तसे असले तरी माझी तक्रार नाही. आपल्याकडे बागही अशीच उरलेल्या जागेत होत असते. घर बांधून झाले, पायऱ्या झाल्या, गाडी उभी करण्यापुरती जागा झाली की जे काही राहते त्याला आपण बाग म्हणतो.

पहिली विनंती अशी की, आजचे व्याख्यान ऐकून उद्या सकाळी कोणीही रोपवाटिकेत जाऊ नये. हे ऐन उन्हाळ्याचे दिवस आहेत. या दिवसांत लावलेल्या रोपाला दिवसातून दोनदा पाणी घालावे लागते, आणि तरी ते जगेलच असे नाही. हे मी अनुभवाने सांगतो. घर झाले त्या वर्षी एप्रिल महिन्यात उत्साहाच्या भरात मी हिरवळीचे तयार गालिचे आणि बारा गुलाब विकत आणले. मृगाचा पाऊस येईपर्यंत हिरवळीची चटई झाली होती आणि बारांपैकी दोन गुलाब उरले होते. पुढच्या वर्षी शेजारच्या आजींनी कुंपणावरून दिलेल्या जास्वंदीच्या चार काड्या मात्र न विचारता फोफावल्या. दोष विकणाऱ्याचा नव्हता. आधी काय करावे आणि मागाहून काय, हे मला ठाऊक नव्हते एवढेच.

माझ्या आजच्या बोलण्याचे सार इतकेच आहे. बाग महाग पडते ती बहुधा उलट्या क्रमामुळे. आपण आधी खरेदी करतो, मग जागा पाहतो आणि शेवटी मातीचा विचार करतो. हाच क्रम उलटा करून आधी पाहावे, मग माती करावी, त्यानंतर वाट आखावी आणि सर्वांत शेवटी रोपे लावावीत, म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च आपोआप टळतो. एवढेच नव्हे, तर अशी बाग दिसतेही अधिक सुंदर.

आता पाहावे म्हणजे काय पाहावे? पहिली गोष्ट ऊन. एक वही घ्या, घराचा ओबडधोबड नकाशा काढा आणि सकाळी आठ, दुपारी बारा व चार वाजता ऊन कोठे पडते ते त्यावर मांडा. मात्र त्यात एक फसगत आहे. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली नाहीशी होते; त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्यामुळे या दिवसांत घराच्या उत्तरेच्या बाजूलाही भरपूर ऊन दिसते. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला सुमारे नऊ फूट पडते. म्हणजे आज जेथे ऊन दिसते म्हणून आपण शेवंती लावू, तेथे तिच्या फुलण्याच्या दिवसांत सावली असेल. उत्तरेच्या त्या पट्ट्यात नेचे, कर्दळ, अळू, हळद अशी सावली सोसणारी मंडळी ठेवावीत. फुलझाडांना पूर्व आणि दक्षिण द्यावी. पश्चिमेला, जेथून दुपारनंतरचे ऊन भिंती तापवते, तेथे झाड लावावे.

दुसरी गोष्ट पाणी. पुण्याला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबर या महिन्यांत येतो. लंडनला वर्षभरात याहून कमी पाऊस पडतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण तो बारा महिन्यांत थोडा थोडा वाटून पडतो. त्या भुरभुर पावसावर गवत बारमाही हिरवे राहते, म्हणून तेथे हिरवळ हा बागेतला स्वस्त भाग आहे. आपण ती तशीच उचलून आणली आणि येथे ती सर्वांत महाग ठरली. हिशेबच करू. दहा फूट बाय वीस फुटांची हिरवळ म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटर जागा. कडक उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी धरले, तरी नव्वद लिटरांच्या वर जाते. पंधरा लिटरांच्या सहा बादल्या झाल्या! एप्रिल आणि मे मिळून साडेपाच हजार लिटर. तेवढ्यात पारिजातक, लिंबू, कढीलिंब अशी जमलेली चार-पाच झाडे दोन्ही महिने आरामात निघतील, शिवाय सावली देतील.

कण्वाच्या आश्रमातली शकुंतला झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसे, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ती घागरीने पाणी घालीत होती, हे विसरतो. ज्याला घागर उचलावी लागते तो हिरवळीच्या फंदात पडत नाही. नळाला रबरी नळी जोडली की हा विवेक सुटतो. तेव्हा बागेचा आराखडा करताना प्रत्येक झाडाला पाणी आपणच उचलून घालणार आहोत असे समजावे. तहानलेली झाडे मोरीजवळ आणि हिंडत्याफिरत्या जागी येतील, काटक झाडे कुंपणाकडे जातील. आपल्या आजीच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ होती, ती काही चुकून उगवलेली नव्हती. आजही भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी त्यांच्याकडे वळवता येते. कपड्यांच्या साबणाचे पाणी मात्र पालेभाजीला घालू नये.

तिसरी गोष्ट जमीन. नव्या घराभोवती बहुधा माती नसतेच. वर दोन इंच मुरूम आणि खाली विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचे ढेकूळ असा राडारोडा असतो. एक फूट खोल खड्डा करून त्यात पाणी भरा. काही तासांत जिरले तर ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले तर तेथे वाफा जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट उंच करावा, नाही तर पावसाळ्यात मुळ्या कुजतात.

माती वाईट आहे असे कळले की लोक पोयट्याची गाडी मागवतात. हा पोयटा म्हणजे कोणाच्या तरी शेताचा किंवा ओढ्याकाठचा वरचा सुपीक थर असतो. तिकडची जमीन उघडी पाडून आपण इकडे शेवंती फुलवतो, आणि त्याचे पैसेही मोजतो. त्याच वेळी दारातला पालापाचोळा झाडून कोपऱ्यात पेटवून देतो. पहाटे फिरायला जाणाऱ्यांना हा धूर नवा नाही. एका हाताने खत जाळायचे आणि दुसऱ्या हाताने पिशवीतले खत विकत आणायचे, असा हा व्यवहार आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि घरातल्या व शेतातल्या काडीकचऱ्यापासून सुपीक माती घडवता येते, हे लोकांकडून करवून दाखवले. त्यासाठी मोठे शास्त्र लागत नाही. तीन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल खड्डा घ्या. त्यात अर्धा फूट पाचोळा, वर मातीचा पातळ थर, त्यावर शेणकाला शिंपडावा, पुन्हा पाचोळा, असे थर भरा. भाजीची देठे आणि साली त्यातच टाका, त्या पाचोळ्याने झाका, आणि सर्व ओलसर ठेवा. महिन्यातून एकदा खालवर करा. चार ते सहा महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पावसाळी वासाचे खत मिळते. आंब्या-फणसाच्या जाड पानांना थोडा अधिक वेळ लागतो. शेणखत घालायचे तर ते पूर्ण कुजलेले असावे. कच्चे शेण घातले तर हुमणी आणि वाळवी यांना आमंत्रण होते. उरलेला पाचोळा झाडांच्या बुंध्याभोवती तीन-चार इंच पसरावा, म्हणजे ओल टिकते आणि दोन पाण्यांमधले अंतर वाढते. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये.

इतका वेळ मी काटकसरीचे बोललो. आता सौंदर्याचे बोलतो. कारण स्वस्त पण केविलवाणी बाग करण्यात अर्थ नाही. बागेचे सौंदर्य झाडांच्या किमतीवर अवलंबून नसते, ते मांडणीवर असते. आणि मांडणीला पैसे पडत नाहीत.

आधी वाट ठरवा. कागदावर नागमोडी वळणे काढू नका. घरातली माणसे फाटकापासून दारापर्यंत, दारापासून नळापर्यंत आणि दोरीवर कपडे वाळत घालायला कोठून जातात ते पाहा. पायांनी वाट आखून ठेवलेलीच असते. ती तीन फूट रुंद करा. तिच्यासाठी शहाबादी फरशीचे तुटके तुकडे किंवा जुन्या विटा मुरूम-वाळूत बसवल्या तर काम भागते. सांध्यांत सिमेंट भरू नका, म्हणजे पाणी खाली जिरते आणि फटीत दूर्वा उगवतात. तुटक्या वस्तूंनी सौंदर्य येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी चंदीगडची रॉक गार्डन आठवावी. नेकचंद हे बांधकाम खात्यातले एक साधे रस्ते-निरीक्षक. १९५७ च्या सुमारास त्यांनी नोकरी सांभाळून, कोणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा आणि दगडगोटे गोळा करून ती बाग रचायला सुरुवात केली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, आणि आज देशोदेशीचे लोक ती पाहायला येतात. आपल्या दारातल्या राडारोड्याला आपण निदान वाटेत तरी जागा द्यावी.

मग बसायची जागा ठरवा. पुष्कळ बागा रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. घरातल्या माणसाला तेथे टेकायलाही जागा नसते. एक दगडी कट्टा किंवा जुने बाकडे संध्याकाळच्या सावलीत ठेवा. तसेच स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसते ते पाहा. घरातले जे माणूस तेथे अधिक वेळ उभे असते, बागेवर पहिला हक्क त्याचा आहे. त्या खिडकीसमोर नळाची तोटी आणि कचऱ्याची बादली असेल, तर फाटकाशी लावलेल्या गुलाबाचे कौतुक कोणी करावे?

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीची. जपानात ओकायामा शहरी कोराकुएन नावाची तीनशे वर्षांहून जुनी बाग आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जे पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते तिच्याच धर्तीवर केलेले आहे. जपानी माळी एक युक्ती करतात: बागेबाहेरचे डोंगर, झाडे किंवा एखादी इमारत बागेच्या दृश्यात अशी गुंफून घेतात की ती बागेचीच वाटावीत. कोराकुएनमधून ओकायामाचा किल्ला असाच दिसतो. शेजाऱ्याच्या परसातला आंबा आपल्या खिडकीतून दिसत असेल तर तो आपलाच समजा. त्याच्या आड काही लावू नका. आणि जे दृश्य नको असेल, म्हणजे शेजारची ओकी भिंत किंवा पाण्याची टाकी, त्यावर मधुमालती किंवा जाई चढवा. कुंपणाला अडुळसा किंवा मेंदी लावा. दोन्ही काडीपासून होतात, आणि अडुळशाला शेळ्याही तोंड लावीत नाहीत. कण्हेरही उत्तम, पण ती विषारी आहे, म्हणून लहान मुले असलेल्या घरात ती दूर ठेवावी.

चौथी गोष्ट ही की, जाती थोड्या घ्या आणि प्रत्येकीची झाडे अधिक लावा. वीस प्रकारचे एकेक रोप लावले तर रोपवाटिकेचे दुकान दिसते. पाच प्रकारांची चार-चार झाडे लावली तर बाग दिसते. पांढऱ्या तगरीची सलग रांग, तिच्या पायाशी अबोली आणि कोपऱ्यात एक पारिजातक, एवढ्याने वीस फुटांची बाजू भरून येते. झाड लावताना मात्र ते आजचे रोप म्हणून पाहू नये, दहा वर्षांनंतरचे म्हणून पाहावे. मध्यम झाड भिंतीपासून दहा-बारा फूट असावे. वड, पिंपळ, उंबर यांना घराच्या पायाजवळ जागा देऊ नये. शेवगा लवकर वाढतो आणि शेंगा देतो, पण त्याच्या फांद्या ठिसूळ असतात आणि त्यावर सुरवंट येतात, म्हणून तो दारापासून दूर बरा.

आता रोपे. गुलाबाची कलमे आणि कलमी फळझाडे सोडली, तर आपल्याला हवे असलेले बहुतेक सर्व मागून मिळते. जास्वंद, तगर, मधुमालती, चाफा ही काडीने येतात. मोगऱ्याची फांदी मातीत दाबून ठेवली की मुळ्या धरते. गुलबक्षी, गोकर्ण, तुळस बियांनी येतात. गवती चहा आणि कर्दळ फुटव्यांनी येतात. कढीलिंबाची पिले बुंध्याभोवती असतातच. काडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, आठ-नऊ इंचांची घ्यावी, दोन डोळे मातीत आणि दोन वर ठेवून सावलीत लावावी. चाफ्याची फांदी मात्र तोडल्यावर आठवडाभर कोरडी ठेवावी, म्हणजे चीक वाळतो आणि ती कुजत नाही. चोरून आणलेला मनीप्लांट चांगला वाढतो अशी समजूत आहे. मागून आणलेलाही तितकाच वाढतो, हे मी खात्रीने सांगतो. शिवाय मागितल्याने शेजार जोडला जातो. गेल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू सुकवून ठेवला असेल तर तोच पेरावा. फुले अगदी आईबापांसारखी येतीलच असे नाही, पण येतील.

कामाचे वेळापत्रक सोपे आहे. मे महिन्यात पाहणी करावी आणि खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत. मृगाआधी ते माती-खताने भरावेत. दोन चांगले पाऊस झाले की झाडे, कुंपण आणि काड्या लावाव्यात. जून-जुलैत झेंडू पेरावा. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, हिवाळी फुलांचे बी टाकावे आणि ऑक्टोबरच्या मध्यास गुलाब छाटावेत. पहिल्या वर्षी एवढेच करा. एका वर्षात बाग पुरी करण्याचा हट्ट हाच सर्वांत खर्चिक हट्ट आहे.

तरीही थोडे पैसे लागतातच. शंभर रुपये खर्चायचे ठरवले तर माझी वाटणी अशी राहील: चाळीस माती-खतावर, वीस पाणी साठवण्याच्या पिंपावर आणि झारीवर, वीस कुदळ, फावडे, खुरपे आणि चांगली कात्री यांवर, दहा वाटेवर आणि राहिलेले दहा रोपांवर. बहुतेक ठिकाणी ही वाटणी नेमकी उलटी असते.

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना अंगणच नाही, याची मला जाणीव आहे. त्यांना गॅलरी असेल, निदान खिडकी असेल. रंगाचे जुने डबे बुडाला भोके पाडून वापरता येतात. गच्चीवर मात्र वजनाचा विचार करावा. एक फूट लांब, रुंद व उंच एवढी ओली माती चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. म्हणून तेथे मातीपेक्षा पाचोळ्याचे खत अधिक वापरावे आणि गच्ची गळत नाही ना हे आधी पाहावे. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर स्वयंपाकाच्या ओल्या कचऱ्यातूनच फळाभाजीची बाग झाली. जागा नाही म्हणून हात टेकण्याआधी तिची आठवण करावी.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हा विषय मला महत्त्वाचा वाटतो ती सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतली अंगणे भराभर सिमेंटच्या ठोकळ्यांनी झाकली जात आहेत. कारण विचारले तर लोक म्हणतात, चिखल होतो, पाला पडतो, निगा कोण राखणार? आणि बाग करणे परवडत नाही. म्हणजे जी बाग आपण महाग समजतो, तिच्या धाकाने आपण फरसबंदीवर मात्र खर्च करतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पावसात त्या एका गुंठ्यावर वर्षाला सत्तर हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरांचे सात टँकर! जमीन उघडी आणि मऊ असेल तर त्यातले बरेच खाली मुरते. ती झाकली तर तेच पाणी गटारात जाते. जुलैत रस्त्यावर गुडघाभर साचते, आणि एप्रिलमध्ये आपण टँकरची वाट पाहत उभे राहतो. दुपारी ती फरशी तापते आणि रात्री तीच उष्णता घरात पाठवते. हे नुकसान कोणाच्याच जमाखर्चात दिसत नाही, म्हणून ते चालू राहते.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. सगळ्यांनी बागा कराव्यात असे मी म्हणत नाही. काहींना आवड नसते, काहींना सवड नसते. परंतु निम्मे अंगण तरी उघडे ठेवा. त्यात एक झाड लावा, त्याचा पाला त्याच्याच पायाशी पडू द्या. बाकीचे पाऊस करील. आणि ज्यांना आवड आहे त्यांनी उद्या सकाळी रोपवाटिकेत न जाता एक वही आणि पेन्सिल घेऊन अंगणात जावे. आठ वाजता ऊन कोठे पडते ते पाहावे. बाग तेथून सुरू होते.